बसऱ्याची मीटरगेज

परवा बसऱ्याहून पुतण्याचा फोन आला. तो तिकडे तेलाच्या कामावर आहे. म्हणाला, "काका, इथला एक म्हातारा ड्रायव्हर सांगतो की पूर्वीची बगदादची रेल्वे तुमच्या हिंदुस्थानातून आली होती. तुम्ही इतिहास शिकवायचे ना, खरं आहे का हे?"

खरं आहे. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

आमच्या बदनापूरवरून जाणारी मनमाड-काचीगुडा लाईन निजामाच्या काळातली, मीटरगेज. दोन रुळांमधलं अंतर बरोबर एक मीटर. मुंबईला जायचं तर मनमाडला उतरून, ट्रंका डोक्यावर घेऊन मोठी गाडी पकडायची. १९९० च्या दशकात ती ब्रॉडगेज झाली. बसऱ्याहून बगदादला जाणारी पहिली लाईन याच मापाची होती!

नोव्हेंबर १९१४ मध्ये इंग्रजांनी फावला सैन्य उतरवलं. जवळच अबादानचा तेलशुद्धीकरण कारखाना होता आणि इंग्रजांचं आरमार तेव्हा कोळशावरून तेलाकडे वळत होतं. पाठवली ती आपली पूना डिव्हिजन. त्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या.

हे सैन्य कुत या गावात वेढ्यात सापडलं. सोडवायला निघालेल्यांकडे पुरेशा बोटी नव्हत्या, रस्ते नव्हते आणि पावसात सगळा चिखल. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे तेरा हजार माणसांनी शरणागती पत्करली. त्यातले बहुसंख्य हिंदी होते. कैद झालेल्या कित्येकांना तुर्कांनी रास-अल-ऐनकडे नेऊन जर्मनांच्या बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपलं.

इकडे इंग्रजांना कळलं की रेल्वेशिवाय वाळवंट जिंकता येत नाही. इंजिनं, डबे, रूळ, स्लीपर सगळं तयार कुठे मिळणार? हिंदुस्थानात. म्हणून तिथे मीटरगेज आली. कमी वापराच्या काही लाईनी उखडून त्यांचे रूळ बोटीवर चढवले गेले. युद्धकाळात सुमारे अठराशे मैलांचे रूळ, दोनशेच्या वर इंजिनं आणि सहा हजारांच्या आसपास डबे हिंदुस्थानातून बाहेरच्या आघाड्यांवर गेले. बसरा-बगदाद लाईन १९२० च्या जानेवारीत पुरी झाली. किर्कुकला तेल लागलं त्यानंतर, १९२७ मध्ये. १९६० च्या दशकात तिथे रुंद रूळ आले आणि आपली मीटरगेज मागे पडली.

म्हणजे पाहा, दोन शत्रूंच्या दोन रेल्वे, आणि दोन्हींवर राबले आपलेच हात. मेसोपोटेमियाला सहा लाखांच्या आसपास हिंदी माणसं गेली. त्यातली जवळजवळ निम्मी बंदूक न धरणारी होती : हमाल, भिस्ती, स्वयंपाकी, खेचरवाले, रूळ टाकणारे. तुरुंगातल्या कैद्यांनाही शिक्षेत सूट देऊन नेलं होतं.

मी इतकी वर्षं पहिलं महायुद्ध शिकवलं. साराजेवो, कारणे, परिणाम, व्हर्सायचा तह. फळ्यावर बसऱ्याचं नाव मी एकदाही लिहिलं नाही. पुस्तकात नव्हतं हे खरं, पण ते काही उत्तर नव्हे.

बसऱ्याला १९२९ मध्ये या मृतांचं स्मारक उभं राहिलं. त्यावर इंग्रज शिपायाचंसुद्धा नाव कोरलं. हिंदी अधिकाऱ्यांची नावंही कोरली. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणीपुढे नुसता आकडा. १९९७ मध्ये सद्दामने ते स्मारक उचलून वाळवंटात नासिरियाच्या रस्त्यावर नेलं. या भेदभावाबद्दल ब्रिटिश सरकारने माफी मागितली ती २०२१ मध्ये.

मी जन्मभर हजेरी घेतली. साठ पोरांच्या वर्गातही 'हजर सत्तावन्न' एवढं लिहून कधी भागलं नाही. प्रत्येकाचं नाव घ्यावं लागायचं आणि गैरहजर कोण तेही मांडावं लागायचं.

असो. पुतण्याला सांगितलंय, सुट्टीत जमलं आणि परवानगी मिळाली तर त्या स्मारकापाशी जाऊन ये. मराठा पलटणींपुढचे आकडे वहीत उतरवून आण. आणि तुमच्यापैकी कुणाच्या घरी 'पणजोबा बसऱ्याला गेले होते' अशी आठवण असेल, तर नाव, गाव जरूर कळवा. हजेरी उशिरा घेतली तरी चालते.