गावाच्या उपयोगी पडणारे अग्निशमन केंद्र

शहादा तालुक्यातील पुरुषोत्तमनगर हे सातपुडा-तापी परिसर सहकारी साखर कारखान्यामुळे ओळखले जाणारे ठिकाण. साखर कारखाना म्हटला की बगॅसचे ढीग आले, भोवती वाळलेले पाचट आले. तेथे एक ठिणगीही पुरते. ग्रामीण भागात बंब २० मिनिटांत पोहोचावा, असा स्थायी अग्नि सल्लागार परिषदेचा निकष आहे. शहरांसाठी तो ५ ते ७ मिनिटांचा आहे.

अडचण अशी, की राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीने अग्निशमन सेवा नगरपालिकांच्या विषयांत घातली. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत ती नाही. केवळ बंबासाठी इमारत बांधणे गावाला परवडत नाही. प्रथमोपचार कक्ष, प्रशिक्षणाचे सभागृह आणि पूरकाळातील निवारा एकाच वास्तूत आणल्यास खर्चाचे समर्थन करता येते.

अशा आराखड्यात दोन पथ्ये कटाक्षाने पाळावी लागतात. बंबाची वाट व लोकांची वाट वेगळी हवी. सभागृहाचे दार बाजूच्या रस्त्यावर असावे आणि बंबासमोर मंडप वा वाहने उभी राहू नयेत. तसेच टाकीतील आगीसाठीचा साठा राखीव राहावा, यासाठी गावाच्या वापराचा नळ त्या पातळीच्या वर बसवावा.

जपानमधील हिरोशिमा येथे रिकेन यामामोटो यांनी उभारलेल्या निशी अग्निशमन केंद्राच्या (२०००) भिंती काचेच्या आहेत. जवानांचा सराव नागरिकांना पाहता येतो. १९४४ च्या मुंबई गोदी स्फोटाच्या स्मरणार्थ १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. गावात असे केंद्र असल्यास आगीविषयीचे शिक्षण त्या एका दिवसापुरते उरणार नाही.