आयएसटी: तीन अक्षरांचा इतिहास

भारतीय प्रमाणवेळ बेंगळुरूसह पाच प्रादेशिक संदर्भ मानक प्रयोगशाळांमधून देशभर पोहोचवण्याच्या प्रकल्पाची सध्या चर्चा आहे. त्या निमित्ताने एक साधा प्रश्न विचारू या: ‘आयएसटी’ म्हणजे नेमकी कोणती वेळ?

1906 पूर्वी या प्रश्नाला अर्थच नव्हता. मुंबईची वेळ ग्रिनिचपेक्षा 4 तास 51 मिनिटे पुढे होती, मद्रासची 5 तास 21 मिनिटे, तर कलकत्त्याची जवळपास 5 तास 53 मिनिटे. 1 जानेवारी 1906 रोजी 82.5 अंश पूर्व रेखावृत्तावरील साडेपाच तासांची वेळ देशाची प्रमाणवेळ ठरली. मुंबईकरांना मात्र ही 39 मिनिटांची उडी परकीय सरकारची सक्ती वाटली. गिरणी कामगारांनी विरोध केला आणि महापालिकेने आपली जुनी ‘मुंबई वेळ’ पुढे अनेक दशके जपली. एकाच शहरात दोन घड्याळे नांदत होती.

आज हाच तंटा संगणकात दिसतो. ‘आयएसटी’ ही अक्षरे भारताप्रमाणेच इस्रायल आणि आयर्लंडही वापरतात. पोस्टग्रेसक्यूएल या विदागार प्रणालीच्या मूळ मांडणीत आयएसटीचा अर्थ इस्रायलची वेळ, म्हणजे दोन तास, असा दिलेला आहे. बेंगळुरूतील उपकरणाने सकाळी 10 वाजता घेतलेली नोंद ‘10:00 आयएसटी’ अशी भरली, तर ती साडेतीन तास उशिराची ठरू शकते. प्रणाली चूक दाखवत नाही, कारण तिच्या दृष्टीने चूक झालेलीच नसते. भारतीय अर्थ हवा असल्यास संक्षेपांचा ‘इंडिया’ हा संच निवडता येतो.

त्याहून भरवशाचा मार्ग म्हणजे ‘एशिया/कोलकाता’ हे पूर्ण नाव. त्यामागे नियमांचा इतिहास असतो. दुसऱ्या महायुद्धात घड्याळे तासभर पुढे होती, म्हणून 1943 मधील तारखेला ते साडेसहा तासांचा फरक देते. परंतु या जागतिक वेळकोशाचा भर 1970 नंतरच्या काळावर असल्याने त्यात मुंबईची स्वतंत्र नोंद नाही. 1930 मधील पालिकेच्या दप्तरातील ‘सकाळी 10’ ही वेळ या नावाने नोंदवली, तर ती निमूटपणे 39 मिनिटांनी चुकेल.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, निरीक्षण नोंदवताना वैश्विक समन्वित वेळ वापरा, किंवा ‘+05:30’ असा फरक स्पष्ट लिहा. जुनी कागदपत्रे वाचताना मात्र आधी विचारा: हे घड्याळ कोणाचे होते?