पोळीची सूज आणि सियाचिनचे जवान

बीडच्या गोठ्यात गाईच्या गळ्याखालची पोळी सुजली, की जाणत्या माणसाला पहिली शंका येते ती तारेची. वैरणीतून गिळलेला खिळा किंवा तारेचा तुकडा पोटातून पुढे सरकत हृदयाच्या आवरणाला टोचतो. हृदय दबते, त्याच्याकडे परतणारे रक्त तुंबते आणि पाणी पोळीत उतरते. नेकनूरच्या गुरांच्या बाजारात असल्या जनावराला कोण दावे लावील?

हीच सूज अमेरिकेत कोलोरॅडोच्या उंच कुरणांतल्या गुरांना येई. १९१५ मध्ये ग्लोव्हर आणि न्यूसम या पशुवैद्यांनी तिचे खापर तारेवर न फोडता उंचीवर फोडले. उंचीवरच्या माणसाच्या हृदयविकाराचे एक घराणे या पोळीतून निघते, असा प्रस्तुत लेखकाचा दावा आहे.

रूढ इतिहास वेगळीकडून सुरू होतो. १९२८ मध्ये पेरूत कार्लोस मोंगे यांनी उंचीवरचा जुनाट आजार वर्णिला. १९४६ मध्ये फॉन ऑयलर आणि लिलियेस्ट्रांड यांनी मांजरांवर दाखवले, की प्राणवायू कमी पडला की फुप्फुसातल्या धमन्या आक्रसतात. पण मोंगे यांच्या आजाराची खूण म्हणजे तांबड्या पेशींचा अतिरेक. कोलोरॅडोतल्या या पोळीच्या रोगात मूळ दोष धमन्यांचा. ही दोन घराणी वेगळीच मानावीत.

उंचीवर साऱ्या फुप्फुसालाच प्राणवायू कमी, म्हणून साऱ्याच धमन्या आक्रसतात. फुप्फुसाकडे रक्त ढकलणाऱ्या उजव्या जवनिकेची, म्हणजे हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्याची, भिंत पातळ. तिला पाऱ्याच्या सुमारे १५ मिलिमीटर सरासरी दाबाची सवय. २५०० मीटरच्या वर राहणाऱ्यात हा आकडा ३० ओलांडला, की डॉक्टर त्याला उंचीवरचा फुप्फुसी उच्च रक्तदाब म्हणतात. भिंत आधी जाड होते. मग कप्पा फुगतो, त्रिदली झडप गळू लागते, यकृत सुजते, पायांवर पाणी येते. डाव्या कप्प्याची ताकद बहुधा शाबूत असते, पण मधला पडदा त्याच्या बाजूला ढकलला गेल्याने तो नीट भरत नाही. गाईची ही गत लवकर होते, कारण तिच्या फुप्फुसाच्या धमन्यांत स्नायू मुळातच जाड.

हा धागा भारतात आणला इंदर आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. १९८६ मध्ये त्यांनी लडाखमधल्या याक, गाई आणि त्यांच्या संकरित जनावरांच्या फुप्फुसातला दाब मोजून प्रसिद्ध केला. याकचा दाब कमी, आणि याक-गाईच्या संकरातून झालेल्या झोचाही याकसारखाच! म्हणजे हा गुण रक्तातून उतरतो. दरम्यान १९८४ पासून जवान सियाचिनवर मुक्काम करू लागले होते. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याच आनंद यांनी ५८०० ते ६७०० मीटरवर आठवडेच्या आठवडे राहिलेल्या २१ जवानांची हकिगत मांडली: धाप, अंगावर सूज, उजवे हृदय फुगलेले. खाली आणल्यावर ते सावरले. गुरांच्या पोळीच्या रोगाचा हा मानवी अवतार, असे त्या निबंधाच्या लेखकांनीच सुचवले. वंशावळीला याहून पक्का दाखला कोणता हवा?

प्रतिपक्ष मात्र आहे. लोकोवीड नावाचे विषारी तण खाल्लेल्या वासरांत उंचीवरचा हा हृदयविकार बळावतो, असे १९८० च्या दशकात दिसले; तेव्हा सगळा दोष उंचीचा कसा? प्रस्तुत लेखकाच्या मते तण आगीत तेल ओतते, आग लावत नाही. खरी अडचण दुसरी आहे. अमेरिकेत सखल भागात खाऊ घालून धष्टपुष्ट केलेल्या बैलांनाही आता हाच हृदयविकार होतो. तिथे डोंगर नाही, तारही नाही. बहुधा अतोनात वाढलेल्या देहाला फुप्फुसे पुरत नसावीत. कारण काहीही असो, हा गुण रक्तातून उतरतो हे धरूनच कोलोरॅडोतले पशुपालक वळू घेण्याआधी त्याच्या फुप्फुसाच्या धमनीत नळी घालून दाब मोजून घेतात, आणि विक्रीत तो आकडा सांगितला जातो.