अधोमुख वृक्षासन: आखाड्यातून योगशाळेत

आजचा धागा एका जुन्या वादाविषयी. ठाकुर्ली-डोंबिवलीकडच्या एखाद्या योगवर्गात भिंतीशी हातांवर उभे राहण्याचा सराव सुरू झाला की दोन मते हमखास ऐकू येतात. एक म्हणते, ही ऋषिमुनींची हजारो वर्षांची विद्या. दुसरे म्हणते, छे, ही तर गोऱ्यांच्या जिम्नॅस्टिक्सची नक्कल. दोन्ही मते सोयीची आहेत आणि दोन्हींकडे पुरावा तोकडा आहे.

प्रथम ग्रंथ पाहू. पंधराव्या शतकातील स्वात्मारामाच्या हठप्रदीपिकेत अवघी १५ आसने येतात. त्यांत हातांवर तोललेले मयूरासन आहे, पण तेथे कोपरे नाभीशी टेकतात आणि शरीर आडवे राहते. घेरंडसंहितेत ३२ आसने आहेत. तीत वृक्षासनही आहे, पण ते एका पायावर उभे राहण्याचे. हात सरळ, पाय आकाशाकडे, अशी स्थिती या दोन्ही ग्रंथांत नाही. तेव्हा पहिले मत येथेच अडखळते.

मग दुसरे मत खरे मानायचे का? त्याआधी आपल्या आखाड्यांत डोकावले पाहिजे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाची विद्या नव्याने उभी केली, असे परंपरा सांगते. बाराव्या शतकातील मानसोल्लासात मल्लविद्येचे सविस्तर वर्णन आहेच. खांबावर उलटे होणे, दोरीवर अंग पेलणे, साऱ्या शरीराचा भार मनगटांवर घेणे, हे मराठी पैलवानाला शिकवायला कोणा परदेशी कवायत मास्तराची गरज नव्हती.

आता या कथेतला सर्वांत रोचक दस्तऐवज. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ‘हठाभ्यासपद्धती’ नावाचे एक अपूर्ण संस्कृत हस्तलिखित आहे. कर्त्याचे नाव कपालकुरंटक. अभ्यासक ही रचना साधारण अठराव्या शतकातील मानतात. तीत ११२ आसने आहेत. उताणी, पालथी, बसून, उभ्याने, आणि चक्क दोरीच्या आधाराने करायची! गजासनाचे वर्णन वाचताना तर आपण दंड काढण्याची कृती वाचत आहोत असेच वाटते. आसने आधी का करावीत, तर शरीर बळकट व्हावे आणि पुढची षट्कर्मे झेपावीत म्हणून. ध्यानाला बसणारा योगी आणि घाम गाळणारा पैलवान येथे एकाच पानावर भेटतात. म्हैसूरच्या तिसऱ्या कृष्णराज वडियारांनी करवून घेतलेल्या ‘श्रीतत्त्वनिधी’तील १२२ आसनांच्या चित्रांचा या ग्रंथाशी जवळचा संबंध असल्याचे मार्क सिंगलटन आणि जेसन बर्च यांनी दाखवले आहे. याच सिंगलटन यांनी २०१० च्या आपल्या ग्रंथात आधुनिक आसनांवरील युरोपीय व्यायामाच्या प्रभावावर भर दिला होता. तो प्रभाव खोटा नव्हे. पण त्याच्या आधीची देशी जमीन किती सुपीक होती, हे पुण्याच्या या पोथीने लक्षात आणून दिले.

विसाव्या शतकातही ही सरमिसळ थांबली नाही. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे पुढचे स्वामी कुवलयानंद, हे बडोद्याच्या राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यातले शिष्य. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापून आसनांना प्रयोगशाळेत नेले. (जाता जाता: १९२९ पासून लोणावळ्याचा घाट विजेच्या इंजिनांनी चढू लागला, आणि त्यांची वीज आपल्या ठाकुर्लीच्या पॉवर हाऊसमधून जाई.)

१९३७ मध्ये मराठीचा गंधही नसलेला अठरा वर्षांचा एक कन्नड-तमिळ वातावरणातला तरुण पुण्यात आला. बी. के. एस. अय्यंगार. म्हैसूरला कृष्णमाचार्यांकडे शिकून आलेला हा मुलगा डेक्कन जिमखान्यावर आसने शिकवू लागला. १९६६ च्या त्यांच्या ‘लाइट ऑन योग’मध्ये सुमारे २०० आसने आहेत आणि त्यांत अधोमुख वृक्षासन, म्हणजे उलटे झाड, ठळकपणे येते.

शिकवण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. तळवे भिंतीपासून सुमारे फूटभर अंतरावर, खांद्यांच्या रुंदीइतके दूर. अधिक लांब ठेवले तर पाय भिंतीला टेकताना कंबर धनुष्यासारखी वाकते. कोपरे ताठ. मग एका पायाचा झोका, दुसरा मागोमाग. पहिले कित्येक दिवस पाय अर्ध्यातून परततात, कारण अडसर ताकदीचा कमी आणि भीतीचा अधिक असतो. टाचा भिंतीला लागल्या की ती भीती निम्मी होते. पुढे बोटांनी जमीन दाबून तोल सावरता येऊ लागला की भिंत सोडायची. मल्लाला हा तोल आखाड्यात लहानपणीच येई. अय्यंगारांच्या रीतीने तो घरातल्या भिंतीशी चाळिशीच्या माणसालाही शिकता येऊ लागला. माझ्या मते आसनाच्या ‘प्राचीनते’पेक्षा हा बदल मोठा आहे.

आणि एक योगायोग. अय्यंगार परंपरेत भिंतीवरच्या दोऱ्यांच्या सरावाला ‘यौगिक कुरुंट’ म्हणतात. कृष्णमाचार्यांनीही आपल्या आधारग्रंथांत ‘योगकुरंटी’ हे नाव दिले होते, आणि असा ग्रंथ मुळात होता का यावर बरीच वर्षे वाद चालला. कपालकुरंटकाची, दोरीची आसने सांगणारी पोथी सदाशिव पेठेत. १९७५ मध्ये उघडलेली अय्यंगारांची संस्था शिवाजीनगरात. मधे फक्त मुठा नदी.