लग्नपत्रिका घरच्या हातची

वाचकहो, तुळशीचे लग्न लागले की आपल्याकडे लग्नसराई सुरू होते. मांडव, वाजंत्री, मानपान यांविषयी आपण पुष्कळ बोलतो. पण ज्या कागदाने पाहुणा बोलावला जातो, त्या पत्रिकेचा इतिहास सहसा कोणी विचारीत नाही. सातारा-सांगलीच्या मुलखात तो मोठा बोलका आहे. तो जितका कागदाचा आहे, तितकाच कागद लिहिणाऱ्या हाताचा आहे.

मुळात आमंत्रण म्हणजे कागद नव्हेच. आमंत्रण म्हणजे अक्षत. तांदळाला कुंकू लावायचे, पहिली अक्षत देवाला ठेवायची आणि मग दारोदार जाऊन 'लग्नाला यायचं बरं का' असे तोंडाने सांगायचे. कऱ्हाड तालुक्यातल्या पालीला पौषात खंडोबा-म्हाळसेचे लग्न लागते, तिथे तर हजारो माणसे बोलावण्यावाचूनच जमतात.

पण परगावच्या सोयऱ्याला चिठ्ठी धाडावी लागे. ती लिहायची कोणी? बोरू, काजळाची शाई आणि मोडी अक्षर ही सामग्री मोजक्या घरांत. शेतकऱ्याच्या घरी बहुधा लिहिणारे कोणी नसे. मुहूर्त भटजींनी काढावा, चिठ्ठी कुलकर्ण्याने लिहावी. लग्नाची चिठ्ठी दुसऱ्याने लिहिली म्हणून फारसे बिघडत नव्हते हो; पण कर्जाचा रोखाही दुसराच लिही, आणि शेतकरी खाली नांगराची निशाणी करी. तिथे मात्र घर बुडे.

१८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले, तेव्हा लोकांचा रोख मुख्यतः कागदांवर होता. आपल्याकडे शिराळ्याच्या बाजूला कोकरुड गावीही तसाच प्रकार घडला. पुढे सरकारी चौकशी झाली. शेतकऱ्याच्या कर्जाचे खापर लग्नखर्चावर वाजवीपेक्षा अधिक फोडले जाते, असा त्या चौकशीचा निष्कर्ष होता. ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मग १८७९ च्या कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांत शेतकऱ्याचे दस्तऐवज गावनिबंधकासमोर लिहिले जावेत, असे ठरले. पण हातही निबंधकाचाच. शेतकऱ्याचा हात अजून कोराच होता!

तो हात लिहिता करण्याची खटपट दुसरीकडून चालू होती. जोतीराव फुले यांचे घराणे मूळचे खटाव तालुक्यातल्या कटगुणचे. त्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापला, आणि भटजीवाचून लग्न लावता यावे म्हणून १८८७ साली मंगलाष्टकांसह सारा विधी छापून दिला. १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ पासून तिचे काम साताऱ्यातून चालू लागले. अशा शाळांतून शिकलेला पोरगा सुट्टीत घरी आला, की बहिणीच्या लग्नाची चिठ्ठी आता तो लिहू शकत होता. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' ही ओळ घरच्या अक्षरात उमटणे, ही लहान गोष्ट खचित नव्हे.

त्यानंतरचा टप्पा पत्री सरकारचा. १९४३ ते १९४६ या काळात नाना पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव प्रतिसरकार चालवले. त्यात 'गांधी विवाह' लागत: हुंडा नाही, मानपान नाही, थोड्या खर्चात हार घालून लग्न. महायुद्धामुळे कागदही महाग झाला होता. असल्या लग्नाला भरजरी पत्रिका शोभली नसती, आणि तिची गरजही नव्हती.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, आता तुमच्यासाठी एक काम सांगतो. मुलांना घरच्या ट्रंकेतल्या जुन्या पत्रिका आणायला सांगा. एखादीवर 'औंध संस्थान' असेल, तर ती १९४८ च्या विलीनीकरणाआधीची. 'जिल्हा दक्षिण सातारा' असेल, तर ती १९४९ ते १९६० मधली. कारण १९४९ साली साताऱ्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन जिल्हे झाले, आणि १९६० साली दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. वधूच्या आईचे नाव आहे की नाही, तेही पाहायला सांगा. इतिहासाचा एवढा चांगला तास पुस्तकातून साधणार नाही.

आणि घरी लग्न निघाले असेल, तर थोड्या पत्रिका हाताने करून पाहा. शाळेच्या चित्रकलेच्या वहीचा जाड कागद घ्या, एका कागदाचे चार तुकडे करा. शाई पाण्याने न फुटणारी असावी. कोपऱ्यांना हळद लावायची ती आपल्या सांगलीचीच. २०१८ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. बोट कोरडे ठेवा, ओल्या हळदीने अक्षर पुसते. हळदीत थोडा चुना घातला की ती लाल होते, वेगळा रंग विकत आणायला नको. हळदीचा रंग उन्हात विटतो, म्हणून पत्रिका सावलीत वाळवा. तिथी, वार, तारखेबरोबर सालही लिहा. गावापुढे तालुका आणि जिल्हा लिहा. दोन्हीकडच्या आयांची नावे घाला.

छापील पत्रिका काढू नका, असे माझे म्हणणे नाही. दूरच्या पाहुण्यांना ती जाऊ द्या. पण मामाला, आत्याला, शाळेतल्या गुरुजींना घरातल्या मुलीच्या हातची पत्रिका जाऊ द्या. नवरी स्वतःच लिहिणार असेल, तर फारच उत्तम. तिच्या पणजीला कदाचित स्वतःचे नावही लिहिता येत नव्हते. त्यातली एक प्रत मात्र ट्रंकेत ठेवायला विसरू नका.