रूम किती वाजता सुरू करायची? मोबाईल गेमच्या स्पर्धेत वेळेचे नियम कसे लावावेत

आदिलाबाद : गावात टेनिस बॉल क्रिकेटची स्पर्धा ठेवली की पहिली मॅच नऊची असते आणि टॉस साडेदहाला होतो. कुणाला त्याचं फार वाटत नाही. मोबाईल गेमच्या स्पर्धेत मात्र हे चालत नाही. आठला रूम सुरू झाली की आठ वाजून एक मिनिटाने आलेली टीम बाहेर. मग रात्रभर व्हॉट्सॲप ग्रुपवर भांडण. ‘त्यांच्यासाठी थांबले, आमच्यासाठी का नाही थांबले?’ हा त्यातला नेहमीचा सवाल, आणि खरं सांगायचं तर तो बऱ्याचदा बरोबर असतो.

आदिलाबाद, किनवट, पांढरकवडा, राजुरा या पट्ट्यातली पोरं आता एकाच लॉबीत खेळतात. पैनगंगा मध्ये येत नाही. पण ॲडमिन म्हणून बसणारा बहुतेक वेळा ओळखीतलाच कुणी दादा असतो, आणि ओळखीच्या माणसाला नियम लावणं सगळ्यात अवघड. त्या दादासाठी, आणि त्याच्याकडे दाद मागणाऱ्या खेळाडूंसाठी, वेळेच्या नियमांची ही माहिती एका जागी.

उशीर म्हणजे नेमकं काय

सुरुवात खेळाच्या प्रकारापासून करावी लागते. बीजीएमआयसारख्या खेळात चौघांच्या टीम एकाच वेळी मैदानात उतरतात. कस्टम रूममध्ये शंभर खेळाडू मावतात, पण स्पर्धेत साधारण सोळा टीम, म्हणजे चौसष्ट खेळाडू ठेवतात. सामना अर्ध्या तासाच्या आसपास चालतो आणि एकदा सुरू झाला की थांबवता येत नाही. याउलट पाच विरुद्ध पाच अशा खेळात समोर एकच टीम असते आणि काही खेळांत मध्ये विराम घेण्याची सोय असते.

या दोघांना एकच नियम लावला की घोटाळा होतो. सोळा टीमच्या रूममध्ये एका टीमसाठी पाच मिनिटं थांबलात तर साठ जणांची प्रत्येकी पाच मिनिटं गेली. हिशोब केला तर पाच तास. शिवाय त्यांची बॅटरी आणि डेटा. म्हणून इथे थांबायचं नाही. उशिरा आलेल्या टीमला त्या सामन्याचे शून्य गुण, पुढच्या सामन्यात ती खेळणार. शून्य गुण हीच पुरेशी शिक्षा आहे, वरून स्पर्धेतून काढून टाकणं म्हणजे एकाच चुकीचा दोनदा दंड. समोरासमोरच्या सामन्यात दहा मिनिटांची सवलत द्यायला हरकत नाही, त्यानंतर वॉकओव्हर. फक्त वॉकओव्हरला किती गुण आणि किती राऊंडचा फरक धरायचा, हे आधी लिहून ठेवावं. नाहीतर शेवटी गुण बरोबरीत आले की फुकटात जिंकलेली टीम पुढे जाते आणि घाम गाळलेली मागे राहते.

आयडी-पासवर्ड पंधरा मिनिटं आधी टाकावा. ‘आठ वाजता’ म्हणजे आयडी आठला, की सामना आठला, हेही स्पष्ट हवं. निम्मी भांडणं इथूनच निघतात. घड्याळ कुणाचं धरायचं? मोबाईलची आपोआप जुळणारी वेळ. कुणाच्या हातातलं नाही.

बुद्धिबळात हा प्रश्न कधीच सोडवून टाकला आहे. आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघ फिडेच्या नियमांत आयोजकाने किती उशीर चालेल ते आधी जाहीर करायचं असतं, आणि जाहीर केलं नसेल तर ती मुदत शून्य धरली जाते. सवलत लिहिलेली असेल तरच सवलत. आपल्याकडे उलटं असतं, लिहिलेलं नसतं म्हणून प्रत्येकाला आपली सवलत वेगळी वाटते.

नेट गेलं, लाईट गेली

‘भाऊ, नेट गेलं होतं’ हे दरवेळी खोटं नसतं. उटनूर, नारनूर, इंद्रवेल्लीकडच्या आतल्या गावांत रेंजसाठी पोरं टेकडीवर जाऊन बसतात. पण ॲडमिनला खरं-खोटं कळणार कसं?

६ नोव्हेंबर २०२३ ला दिल्लीत वर्ल्ड कपच्या सामन्यात श्रीलंकेचा अँजेलो मॅथ्यूज एकही चेंडू न खेळता ‘टाइम्ड आऊट’ झाला. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये तसा बाद होणारा तो पहिलाच. त्याच्या हेल्मेटचा पट्टा तुटला होता. स्पर्धेच्या नियमानुसार नव्या फलंदाजाने दोन मिनिटांत चेंडू खेळायला तयार असायला हवं होतं. बांगलादेशने अपील केलं, ते मागे घेतलं नाही, पंचांनी बाद दिलं. पट्टा तुटण्याआधीच दोन मिनिटं संपली होती, असं चौथ्या पंचांनी नंतर सांगितलं. मॅथ्यूजने ते मान्य केलं नाही, व्हिडिओ पुढे केला. एवढे कॅमेरे असून वाद मिटला नाही. आपल्याकडे तर एक स्क्रीनशॉट असतो, तोही कापलेला.

म्हणून ‘कारण खरं होतं का’ या चौकशीत ॲडमिनने पडूच नये. दोनच प्रकार धरावेत. बिघाड एका टीमचा असेल तर सामना चालू राहतो, मग कारण काहीही असो. बिघाड आयोजकाचा असेल, म्हणजे चुकीचा पासवर्ड दिला, रूम चालवणाऱ्याचंच नेट गेलं, स्लॉट चुकीचा वाटला, तर सामना पुन्हा. मधला एक प्रकार राहतो. तालुक्याचीच लाईट जाते आणि चार-पाच टीम एकदम बाहेर पडतात. त्यासाठी आकडा आधी ठरवावा. उदाहरणार्थ, पहिल्या पाच मिनिटांत सोळापैकी चार किंवा जास्त टीम पूर्ण तुटल्या तर सामना रद्द, त्यानंतर कितीही तुटल्या तरी निकाल कायम. आकडा चारच हवा असं नाही. पण तो सामन्याच्या आधीचा हवा, कारण नंतर ठरवलेला प्रत्येक आकडा कुणाच्या तरी फायद्याचा असतो.

यावर कुणी म्हणेल, मग टेकडीवर बसणाऱ्या पोराचं काय? शहरातल्या वायफायवाल्याला आणि त्याला एकच घड्याळ लावणं हा न्याय कसा? प्रश्न बरोबर आहे, आणि माझं उत्तर असं आहे की मोकळीक द्यायची ती वेळापत्रक ठरवताना. घड्याळ लागल्यावर नाही. नोंदणीच्या वेळीच सकाळ की संध्याकाळ, कोणता स्लॉट जमतो ते विचारा. प्रत्येक टीमला पाचवा राखीव खेळाडू घेऊ द्या. जमलं तर मंडलाच्या गावात एखाद्या हॉलमध्ये वायफाय लावून ज्यांना हवं त्यांना तिथून खेळू द्या. ही सगळी मदत सामना सुरू होण्याआधीची आहे, सगळ्यांना सारखी खुली आहे आणि तिने कुणाचं नुकसान होत नाही. रूम सुरू होताना थांबवलेली पाच मिनिटं मात्र दुसऱ्याच्या खिशातून जातात.

दोन राज्यांची दोन कॅलेंडरं

सीमेवरच्या स्पर्धेत खरा अन्याय बऱ्याचदा मिनिटांत नसून तारखेत असतो. आयोजक आदिलाबादचा असेल तर तो इकडच्या सुट्ट्या बघतो, किनवटचा असेल तर तिकडच्या.

२०२५ चंच घ्या. महाराष्ट्राची बारावीची परीक्षा ११ फेब्रुवारीला सुरू झाली, दहावीची २१ फेब्रुवारीला. दोन्ही मार्चच्या मध्यापर्यंत संपल्या. तेलंगणात इंटरची परीक्षा ५ मार्चला सुरू झाली आणि दहावीची २१ मार्चला. म्हणजे महाराष्ट्रातला पोरगा मोकळा झाला तेव्हा इकडचा दहावीचा पहिला पेपर लिहीत होता. आणखी एक गोष्ट नदीपलीकडच्या आयोजकांना माहीत नसते. तेलंगणात इंटरचं पहिलं वर्ष, म्हणजे त्यांची अकरावी, हीसुद्धा बोर्डाचीच परीक्षा आहे. ‘अकरावीला काय असतं’ म्हणून मार्चमध्ये फायनल ठेवली तर इकडच्या टीम आपोआप बाद.

सुट्ट्यांचंही तसंच. तेलंगणात बतुकम्मा-दसऱ्याची सुट्टी लांब, महाराष्ट्रात दिवाळीची. उन्हाळ्यानंतर तेलंगणातल्या शाळा १२ जूनच्या सुमारास उघडतात, विदर्भातल्या उन्हामुळे जूनच्या शेवटच्या आठवड्यात. दोन्हीकडे मोकळा वेळ हवा तर मे महिना आणि जूनचा पहिला आठवडा. बाकी पुष्य अमावास्येला केस्लापूरची नागोबा जत्रा, पोळा, कापूस वेचणीचे दिवस हे स्थानिक माणसाला सांगावं लागत नाही, पण ऑनलाइन स्पर्धा घेणारा पुण्यात बसलेला असतो, त्याला सांगावं लागतं.

रात्री दहाच्या सामन्यांबद्दलही थोडं. खूप घरांत चांगला फोन एकच, आणि तो वडिलांचा. ते शेतातून किंवा दुकानातून आल्याशिवाय फोन मिळत नाही, म्हणून वेळ उशिराची ठेवतात. पण तेवढ्याने मुलींच्या टीम गळतात, हे कुणी मोजत नाही. संध्याकाळी सात ते नऊ ही वेळ मला त्यातल्या त्यात बरी वाटते. शिवाय बीजीएमआय मे २०२३ मध्ये परत आला तेव्हा अठरा वर्षांखालच्यांसाठी दिवसाला तीन तास आणि इतरांसाठी सहा तास अशी मर्यादा घातली होती. अर्ध्या तासाचे सहा सामने एका दिवशी ठेवले की तीन तास तिथेच संपले, सराव वेगळाच. लहान मुलं असतील तर दिवसाला चारच्या वर सामने ठेवू नयेत.

विश्रांती आणि शेवटची फेरी

वेळेचा नियम खेळाडूच्या बाजूनेही असतो, हे आपल्याला खाशाबा जाधवांनी शिकवलं आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरच्या या पैलवानाने ब्राँझ मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्या स्पर्धेची हकीकत अशी सांगितली जाते की एका दमवणाऱ्या कुस्तीनंतर त्यांना लगेच सोव्हिएत रशियाच्या रशीद मम्मदबेयोव्हशी लढायला बोलावलं. दोन कुस्त्यांमध्ये किमान तीस मिनिटांची विश्रांती नियमात होती. पण त्यांच्या बाजूने बोलायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा हरले.

नियम कागदावर होता. तो मागणारा माणूस नव्हता. म्हणून आपल्या स्पर्धेत प्रत्येक टीमच्या कॅप्टनला आक्षेप घ्यायचा हक्क आणि त्याची मुदत, समजा निकालानंतर पंधरा मिनिटं, लेखी द्यावी. दोन सामन्यांमध्ये किमान दहा मिनिटं ठेवावीत. आणि नियमांचा कागद मराठी आणि तेलुगू दोन्हीत असावा. फक्त इंग्रजीत टाकलेला नियम अर्ध्या कॅप्टननी वाचलेलाच नसतो.

दुसरी गोष्ट दोन टीमनी आपसात वेळ बदलून घेण्याची. ‘आम्ही दोघं तयार आहोत, तुमचं काय जातं?’ असं विचारतात. कधी कधी तिसऱ्याचं जातं. १९८२ च्या फुटबॉल वर्ल्ड कपमध्ये अल्जीरियाने गटातला शेवटचा सामना २४ जूनला खेळला. दुसऱ्या दिवशी स्पेनमधल्या गिहोन शहरात पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया उतरले, तेव्हा किती गोलने दोघंही पुढे जातात हे त्यांना माहीत होतं. जर्मनीने सुरुवातीला एक गोल केला आणि उरलेला वेळ दोघांनी चेंडू इकडून तिकडे ढकलत काढला. १-० वर दोघंही पुढे, अल्जीरिया घरी. पुढच्या, १९८६ च्या वर्ल्ड कपपासून गटातले शेवटचे सामने एकाच वेळी खेळवायला लागले.

आपल्याकडेही हेच करावं. आधीच्या फेऱ्यांत दोन्ही कॅप्टननी एक दिवस आधी ग्रुपवर लिहून मागितलं तर वेळ बदलून द्यावी. शेवटच्या फेरीत कुणालाही नाही. आणि दोन लॉबींतून गुणांवर टीम पुढे जाणार असतील तर दोन्ही रूम एकाच मिनिटाला सुरू कराव्यात, त्यासाठी दुसरा ॲडमिन शोधावा लागला तरी चालेल. त्यात एक फायदा आणखी आहे. पहिल्या ॲडमिनचा चुलतभाऊ खेळत असेल तर त्या टीमचा निर्णय दुसऱ्याने द्यायचा.

पैसे आले की कायदा येतो

प्रवेश फी गोळा करून त्यातूनच बक्षीस वाटायची पद्धत इथे धोक्याची आहे. तेलंगणाने २०१७ मध्ये १९७४ च्या गेमिंग कायद्यात दुरुस्ती केली आणि पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या कौशल्याच्या खेळांची सूट काढून टाकली. महाराष्ट्रात १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे. म्हणून ‘तिकडे चालतं’ हे इकडे सांगून उपयोग नाही. त्यात २०२५ मध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंग कायदा संसदेत मंजूर झाला. २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. पैशांचा ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. ई-स्पोर्ट्सला या कायद्याने मान्यता दिली आहे, त्यात नोंदणी फी आणि बक्षीस चालतं, पण त्यासाठी मान्यता आणि नोंदणी लागते, आणि पैज कुणीच लावायची नाही. गल्लीतली स्पर्धा आपोआप ई-स्पोर्ट्स होत नाही.

त्याच व्याख्येत स्पर्धा आधी ठरवलेल्या नियमांनुसार व्हायला हवी असंही आहे. म्हणजे वेळेचा कागद हा नुसता ग्रुपवरचा मामला नाही. सगळ्यात सोपं म्हणजे प्रवेश फुकट ठेवावा, बक्षीस दुकानदारांकडून घ्यावं, आणि फी घ्यायचीच असेल तर आधी वकिलाला विचारावं.

एक साधी वही ठेवा. तारीख, आयडी टाकल्याची वेळ, रूम सुरू झाल्याची वेळ, कोण हजर नव्हतं, कुणी आक्षेप घेतला, काय निर्णय दिला, कुणी दिला. पेनाने लिहा, खाडाखोड झाली तर शेजारी सही करा, आणि रोज रात्री त्या पानाचा फोटो ग्रुपवर टाका. दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत कुणी काही बोललं नाही तर ते पान बंद.