तुकडे जोडायच्या खेळाची गोष्ट

अंगणवाडीत पोरं चित्राचे तुकडे जुळवतात, तेव्हा घरची माणसं म्हणतात, नुसता खेळच चाललाय. पण हा खेळ निघाला तोच मुळी शिकवण्यासाठी, आणि तोही पैसेवाल्यांच्या घरी.

लंडनला जॉन स्पिल्सबरी नावाचा नकाशे कोरणारा होता. 1760 च्या सुमारास त्याने लाकडी फळीवर नकाशा चिकटवला आणि देशांच्या सीमांवरून करवतीने कापला. मुलांनी देश जागच्या जागी बसवायचे, भूगोल आपोआप पाठ! राजा तिसरा जॉर्ज याची मुलं अशाच नकाशांवर शिकली. प्रत्येक तुकडा हाताने कापलेला, म्हणजे कष्टकऱ्याच्या लेकराला तो कुठून मिळणार? पुढे 1930 नंतरच्या मंदीत अमेरिकेत साच्याने कापलेली पुठ्ठ्याची कोडी 25 सेंटला मिळू लागली आणि साध्या घरांत शिरली.

महागड्या साधनांची अडचण आपल्याकडेही होतीच. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा माँटेसरीची साधनं खेड्याला परवडणारी नव्हती. मग त्यांनी शंखशिंपले, पानं, खडे असं आसपासचंच वापरलं. आम्हा बचत गटवाल्यांना ही रीत फार जवळची वाटते.

आम्हीही खोक्याच्या पुठ्ठ्यावर चित्र चिकटवून कापतो. दोन वर्षांच्या बाळाला आधी दोनच तुकडे द्या, गाईचं तोंड आणि धड. तुकडा तळहाताएवढा हवा, तोंडात जाईल असा नको. उलटा लावला तरी लगेच हात घालू नका, जरा थांबा. जमलं की चार करा.